मिशिगनमध्ये नवीन माणसं घेताय? ट्रेनिंगचा खर्च कम्युनिटी कॉलेजमार्फत कसा काढायचा

ट्रॉय, स्टर्लिंग हाईट्स, नोव्हाय, लिव्होनिया या पट्ट्यात स्वतःचं मशीन शॉप चालवणारे किंवा दुसऱ्याच्या सप्लायर कंपनीत प्लांट नाहीतर एचआर सांभाळणारे मराठी लोक ओळखीत सापडतातच. कुणालाही विचारा, रडगाणं एकच, माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याला काही येत नाही, आणि शिकवायला घेतलं तर शिकेपर्यंत पगार चालू, स्क्रॅप चालू, शिवाय ट्रेनरचं बिल वेगळंच. यातलं ट्रेनरचं बिल तरी परत मिळवायचा एक सरळ कायदेशीर रस्ता मिशिगनमध्ये आहे आणि बऱ्याच छोट्या मालकांना त्याचा पत्ताच नसतो, म्हणून हे लिहितोय.

या योजनेचं नाव मिशिगन न्यू जॉब्स ट्रेनिंग प्रोग्रॅम, कायदा २००८ सालचा. म्हणजे मंदी ऐन भरात होती आणि ऑटोवाले धडाधड माणसं कमी करत होते तेव्हाचा. राज्यात २८ सरकारी कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांचे कोर्स आणि कामाचं ट्रेनिंग देणारी स्थानिक कॉलेजं) आहेत आणि करार तुम्ही त्यातल्या एका कॉलेजशी करता, राज्य सरकारशी नाही.

पैसे येतात कुठून ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तुम्ही नवीन माणूस घेतला की त्याच्या पगारातून मिशिगनचा ४.२५ टक्के इन्कम टॅक्स कापता आणि एरवी तो राजधानी लान्सिंगला ट्रेझरीकडे, म्हणजे राज्याच्या तिजोरीकडे, भरता. करार असेल तर त्या नवीन जॉब्सचा हा कापलेला टॅक्स ठरलेली रक्कम पूर्ण होईपर्यंत ट्रेझरीऐवजी कॉलेजला जातो, आणि कॉलेज त्यातून त्याच लोकांच्या ट्रेनिंगचा खर्च भागवतं. कामगाराच्या हातात एक सेंटही कमी पडत नाही, त्याच्या डब्ल्यू-टूवर (पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणाऱ्या वर्षाच्या फॉर्मवर) राज्याचा टॅक्स नेहमीसारखाच भरलेला दिसतो, रिफंड यायचा असेल तर तोही येतो. फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर यांना हात लागत नाही, डेट्रॉईट किंवा ग्रँड रॅपिड्सचा सिटी टॅक्स असेल तर तोही जिथल्या तिथे.

थोडक्यात ही ग्रँट नाही. कुणी तुम्हाला चेक देत नाही. राज्य फक्त आपल्या वाट्याचा टॅक्स काही काळ सोडून देतं आणि तो टॅक्स तयार व्हायला तुमच्या पेरोलवर खरीखुरी माणसं लागतात. 'फुकट ट्रेनिंग' असं कुणी तुम्हाला विकत असेल तर त्याला हे वाक्य ऐकवा.

कल्पना मुळात आयोवाची, तिथे १९८३ पासून चालू आहे. तिथली १५ कम्युनिटी कॉलेजं सर्टिफिकेट, म्हणजे एक प्रकारचे कर्जरोखे, विकून आधी पैसे उभे करतात, मग तुमच्या नवीन जॉब्सच्या एकूण पगाराच्या दीड टक्क्याएवढी रक्कम पगारातून कापलेल्या राज्याच्या टॅक्समधून वळती होऊन ते फिटतात, पगार ठरावीक पातळीच्या वर असला तर तीन टक्के. आयोवात ऑन-द-जॉब ट्रेनिंगच्या काळातल्या पगाराचाही निम्म्यापर्यंत भाग यात बसतो, ही मोठीच सोय आहे. मिझुरीतही असंच आहे, फक्त हिशेब वेगळा, पहिल्या १०० जॉब्सच्या पगारावर अडीच टक्के आणि पुढच्यांवर दीड. सीडर रॅपिड्स किंवा सेंट लुईसला असाल तर पुढचं सगळं वाचा पण नियम तिथल्या कॉलेजकडून घ्या, मी इथे मिशिगनचंच धरून चाललोय.

तुमचं बसतं का?

कॉलेजला फोन करायच्या आधी चार गोष्टी घरीच तपासा, अर्धे लोक इथेच गळतात.

जॉब नवीन पाहिजे, नुसता माणूस नवीन असून भागत नाही. कुणी सोडून गेला म्हणून त्याच्या जागी घेतलेला, ले-ऑफवरून परत बोलावलेला, किंवा करारापूर्वीच्या एक वर्षात तुमच्याकडे जो जॉब होताच तो, हे कुठलेही चालत नाहीत. राज्यातल्या एका गावातलं शॉप बंद करून दुसऱ्या गावात हलवलं आणि तेच जॉब नवीन म्हणून दाखवले, तेही नाही. मिशिगनमधली एकूण नोकऱ्यांची संख्या खरोखर वाढली पाहिजे. आणि जॉब फुल-टाइम पाहिजे.

इथेच सगळ्यात मोठी गोची होते. ऑर्डर मिळाली की आपण लगेच माणसं घेतो, मशीन येऊन पडलेलं असतं, कस्टमर मागे लागलेला असतो, आणि मग तीन महिन्यांनी कुणीतरी या योजनेबद्दल सांगतं. तोपर्यंत ते जॉब तुमच्या पेरोलवर आलेले असतात आणि कॉलेजवाला म्हणतो, हे तर आधीपासून आहेत. वरातीमागून घोडं. म्हणून क्रम पाठ करा, आधी करार, मग भरती. ऑर्डरचं कोटेशन देताना जेव्हा माणसांचा हिशेब मांडता तेव्हाच कॉलेजला फोन गेला पाहिजे.

दुसरी अट पगाराची, आणि ही सध्या सगळ्यात जास्त चावते. नवीन जॉबचा पगार राज्याच्या किमान वेतनाच्या निदान १७५ टक्के लागतो. किमान वेतन सव्वानऊ डॉलर होतं तेव्हा ही रेषा सोळा-सव्वासोळा डॉलरवर यायची आणि साधा ऑपरेटरही सहज बसायचा. आता किमान वेतन भराभर वर चाललंय, फेब्रुवारी २०२५ पासून १२.४८, जानेवारी २०२६ पासून १३.७३, जानेवारी २०२७ पासून १५ डॉलर. १.७५ ने गुणा, २१.८४, मग २४.०३, मग २६.२५. म्हणजे तासाला २५ डॉलर देणारं शॉप २०२६ मध्ये बसतं आणि २०२७ च्या आकड्यात बसत नाही. तुमच्या कराराला कुठल्या तारखेचा आकडा लागू होणार आणि किमान वेतन वाढलं की जुन्या करारातल्या जॉब्सचं काय, हे कॉलेजकडून ईमेलवर लेखी घ्या, तोंडी 'डोन्ट वरी' वर जाऊ नका. माझं मत विचाराल तर आता ही योजना पॅकिंग-लोडिंगच्या कामांची राहिली नाही, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) सेटअप, वेल्डिंग, मेंटेनन्स, रोबोट टेक्निशियन, क्वालिटी अशा कामांचीच झाली आहे.

तिसरं म्हणजे टेम्प एजन्सी. इथली निम्मी शॉपं माणूस आधी एजन्सीकडून ९० दिवस घेतात आणि आवडला तर पर्मनंट करतात. पण एजन्सीच्या पेरोलवर असलेल्या माणसाचा टॅक्स एजन्सी कापते, तुम्ही नाही, मग तुम्ही वळवणार काय? करारातल्या जॉब्सपुरती तरी थेट भरती करा. एजन्सीतून घ्यायचंच असेल तर ते आधी कॉलेजला सांगा, नंतर उघडकीला आलेलं बरं दिसत नाही.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. तुमचं शॉप मन्रो किंवा टेम्परन्सच्या बाजूला असेल आणि कामगार टोलिडोहून येत असतील, तर ओहायोत राहणाऱ्या माणसाच्या पगारातून मिशिगनचा टॅक्स कापलाच जात नाही, दोन्ही राज्यांचा तसा समझोता आहे. इंडियाना, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, केंटकी यांचंही तसंच. माणूस कामाला चांगला असेल, पण या योजनेत त्याचं योगदान शून्य. बेंटन हार्बर, नाईल्स, स्टर्जिस अशा सीमेवरच्या गावांतल्या मालकांनी तर माणसांचे पत्ते बघूनच हिशेब मांडावा.

हिशेब करून बघा

समजा १२ सीएनसी ऑपरेटर घेताय, तासाला २५ डॉलर. वर्षाचे २,०८० तास धरले तर माणशी ५२,००० डॉलर. ४.२५ टक्क्यांनी २,२१० होतात, पण कामगार भरून देतो त्या एमआय-डब्ल्यू-फोर फॉर्मवर जेवढी एक्झम्प्शन्स (घरातल्या माणशी टॅक्समधून मिळणारी सूट) तेवढा टॅक्स कमी. २०२५ ला एक एक्झम्प्शन ५,८०० डॉलरचं होतं, म्हणजे प्रत्येकी साधारण २४६ डॉलर वजा. एकट्या माणसाचे १,९६० च्या आसपास उरतात, बायको आणि दोन पोरं असलेल्याचे सव्वाबाराशे. शॉपमध्ये सगळी तरणी पोरं असतील तर सरासरी जास्त, संसारी माणसं असतील तर कमी. आपण माणशी १,८०० धरू. १२ गुणिले १,८००, वर्षाला २१,६०० डॉलर.

आता ट्रेनिंग समजा ५०,००० डॉलरचं आहे. कॉलेज आपला कारभाराचा खर्चही यातूनच घेतं, तो १५ टक्के धरा, एकूण ५७,५००. भागिले २१,६००, म्हणजे दोन वर्षं आठ महिने. आणि दोन मशीनवर माणूस टिकलाच नाही, दहाच भरलेले राहिले, तर वर्षाला १८,००० आणि मग तीन वर्षं दोन-अडीच महिने. इथे वॉरनच्या वॉलमार्टच्या पलीकडच्या शॉपने तासाला एक डॉलर जास्त दिला की पोरं उड्या मारतात हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून कागदावर १२ असले तरी हिशेब दहाचाच मांडा.

या आकड्यांवरून एक लक्षात येईल, तीन-चार माणसांसाठी हा खटाटोप परवडत नाही. वर्षाला सहा-सात हजार डॉलरसाठी करार, कॉलेजच्या बोर्डाची मंजुरी, वेगळा पेरोल रिपोर्ट, कोण करणार? तीन-चारच माणसं असतील तर मिशिगन वर्क्सच्या (नोकरी आणि भरतीला मदत करणाऱ्या राज्यभरच्या यंत्रणेच्या) ऑफिसला जा आणि ऑन-द-जॉब ट्रेनिंगबद्दल विचारा, त्यांच्याकडे नोंद असलेला पात्र माणूस घेतला तर शिकण्याच्या काळातल्या पगाराचा साधारण निम्मा भाग फेडरल पैशातून परत मिळू शकतो. तिथेही तोच क्रम, आधी कागद मग माणूस. आणि आहेत त्याच कामगारांना नवीन मशीन शिकवायचं असेल तर न्यू जॉब्सवाली योजना कामाचीच नाही, तिथे गोइंग प्रो टॅलेंट फंड नावाची राज्याची ग्रँट आहे, तीही मिशिगन वर्क्समार्फतच, फक्त तिच्या अर्जाची खिडकी ठरावीक काळच उघडी असते, त्यामुळे सध्या ती चालू आहे का ते आधी विचारा.

कॉलेजशी बोलणी

कॉलेजच्या मुख्य नंबरवर फोन करून 'ट्रेनिंग पाहिजे' म्हणालात तर ते तुम्हाला विद्यार्थी समजून अॅडमिशनकडे पाठवतील. वर्कफोर्स डेव्हलपमेंट किंवा कॉर्पोरेट ट्रेनिंगचा विभाग विचारायचा. वॉरन-क्लिंटन टाउनशिप बाजूला मॅकोम, पुढे ओकलंड, लिव्होनियाला स्कूलक्राफ्ट, डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड, अॅन आर्बरला वॉशटेनॉ, पश्चिमेला ग्रँड रॅपिड्स. वेबसाईटवर योजनेचं पान दिसलं नाही तरी फोन करा.

पहिल्याच ईमेलमध्ये एवढं टाका: कंपनी काय बनवते, शॉप कुठे आहे, आत्ता पेरोलवर किती माणसं, नवीन किती जॉब, कुठल्या कामाचे, तासाचा रेट, भरती कधीपासून, आणि ट्रेनिंग साधारण कशाचं. एवढं असलं की समोरचा माणूस तुम्हाला सिरियसली घेतो, नाहीतर नुसतीच 'लेट्स कनेक्ट' ची पत्रापत्री चालते. त्याच ईमेलमध्ये दोन प्रश्न विचारून टाका. एक, तुम्ही सध्या नवीन करार घेताय का. दोन, राज्याच्या मर्यादेत जागा आहे का. कारण सगळ्या राज्यात मिळून या करारांची थकीत रक्कम एका वेळी ५ कोटी डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, कायद्यातच तसं आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी जागा अडवली असेल तर तुम्हाला थांबावं लागतं.

वेळेचाही अंदाज घ्या. बऱ्याच कॉलेजात करार बोर्ड ऑफ ट्रस्टीजपुढे मंजुरीला जातो आणि बोर्ड साधारण महिन्यातून एकदा बसतं, या महिन्याची बैठक चुकली की गेला महिना.

ट्रेनिंग प्लॅन मात्र स्वतः बनवा. कॉलेज त्यांच्या कॅटलॉगमधलंच पुढे करतं, त्यात वाईट काही नाही पण तुमच्या शॉपला १६ आठवड्यांचा सेमिस्टर कोर्स नको असतो. फोरमनला बरोबर घेऊन बसा आणि नवीन माणूस पहिल्या तीन महिन्यांत नेमका कुठे अडतो ते लिहून काढा. ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर धरता येतो पण वाचता येत नाही, ऑफसेट बदलताना हात थरथरतो, रोबोटचा टीच पेंडंट (त्याला हालचाली शिकवायचा हातातला कंट्रोलर) घ्यायला घाबरतो. मग त्याचं रूपांतर ओळींमध्ये करा, उदाहरणार्थ 'ब्लूप्रिंट रीडिंग आणि जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या मापांच्या आणि टॉलरन्सच्या खुणा), २४ तास, १२ जण, कॉलेजचा इन्स्ट्रक्टर, आमच्याच शॉपमध्ये, दुपारी अडीच ते साडेचार', म्हणजे पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी लागताना, दोन्हीकडची पोरं येऊ शकतात. प्रत्येक ओळीत विषय, तास, माणसं, शिकवणारा, जागा आणि खर्च. कॉलेजकडे एखाद्या मशीनचा माणूस नसेल तर मशीन बनवणाऱ्या कंपनीचा ट्रेनर कॉलेजमार्फत लावता येतो. साहित्य, पुस्तकं, टेस्टिंग, इंग्रजी किंवा गणिताचा पाया पक्का करायचे वर्ग हेही कायद्यात बसतं. त्या गणिताच्या वर्गाला नाक मुरडू नका, दशांश चिन्ह एक घर चुकलं तर हजार डॉलरचा पार्ट भंगारात जातो.

पुण्याहून आलेल्यांना आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून घ्यायची सवय असते, तिकडे स्टायपेंड आपण देतो आणि त्यातला काही हिस्सा सरकार देतं. इथे तसं डोक्यात धरून गेलात तर गोंधळ होईल. इथे माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण पगाराचा कामगार आहे आणि सरकारचा हिस्सा त्याच्याच टॅक्समधून निघतो. भारत फोर्जचा अॅल्युमिनियम फोर्जिंगचा प्लांट नॉर्थ कॅरोलायनात सॅनफर्डला आहे, तिकडचा प्रकार आणखी तिसराच, नवीन आणि वाढणाऱ्या कंपन्यांच्या ट्रेनिंगसाठी तिथलं राज्य कम्युनिटी कॉलेजांना थेट पैसे देतं, टॅक्स वळवायची भानगडच नाही. राज्य बदललं की योजना बदलते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला ऐका पण वापरू नका.

सही करण्याआधी

करारात तीन कलमं बोट ठेवून वाचा. पहिलं, आधी पैसे कोण घालतंय. एक प्रकार असा की ट्रेनिंगचं बिल तुम्ही भरता आणि टॅक्स जसा जमेल तसे कॉलेज तुम्हाला परत देतं. दुसरा असा की कॉलेज आधी खर्च करतं आणि टॅक्समधून वसूल करतं. पहिल्यात तुमचा कॅश फ्लो अडकतो पण डोक्यावर देणं राहत नाही. दुसऱ्यात हात मोकळा राहतो पण कॉलेज हमी मागणार. छोट्या शॉपला मी पहिलाच सुचवीन, पैसे असतील तर.

दुसरं कलम, टॅक्स कमी जमला तर फरक कोणाचा. माणसं टिकली नाहीत, ऑर्डर गेली, शिफ्ट बंद झाली, तर उरलेली रक्कम कोण भरणार? आयोवात तर अशी थकबाकी कंपनीच्या मालमत्तेवर प्रॉपर्टी टॅक्ससारखी बोजा म्हणून चढते. आपल्या करारात काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा, तासाभराची फी जाईल पण जाऊ दे. तिसरं, माणूस सोडून गेला आणि त्याच नवीन जागेवर दुसरा आला तर त्याचा टॅक्स मोजला जाणार ना, आणि त्याला ट्रेनिंग मिळणार ना, हे स्पष्ट लिहून घ्या. जागा महत्त्वाची, पण कागदावर ते दिसायला हवं.

सही झाली की खरं काम पेरोलवालीचं. करारातल्या जॉब्सना पेरोल सिस्टीममध्ये वेगळा डिपार्टमेंट कोड द्या, पहिल्या दिवसापासून. नाहीतर दर वेळी कुणीतरी एक्सेल उघडून जुने नवीन वेगळे करत बसणार आणि एकदा तरी सुनीलचा टॅक्स सॅमच्या नावावर जाणार. प्रत्येक नवीन माणसाची नेमणुकीची तारीख, रेट, कामाचं नाव आणि राहतं राज्य एका शीटवर ठेवा, ट्रेनिंगच्या हजेरीवर सह्या घ्या, बिलं त्याच फाईलला लावा, कॉलेजचा ऑडिटर हेच मागतो. पेरोल बाहेरच्या कंपनीकडे असेल तर त्यांना करार दाखवून सांगा की या कोडचा मिशिगन टॅक्स कापायचा नेहमीसारखा पण ट्रेझरीला आपोआप भरायचा नाही. त्यांची सिस्टीम सगळा टॅक्स एकगठ्ठा पाठवते, आणि एकदा लान्सिंगला गेलेले पैसे परत आणायचे म्हणजे नुसते कागदी घोडे.

आणि ठरलेली रक्कम पूर्ण झाली की कॉलेजकडून तसं पत्र घ्या, त्याच्या पुढच्याच पेरोलपासून तो कोड काढून टाका आणि टॅक्स पुन्हा ट्रेझरीला सुरू करा.